रेपिनच्या बुर्लाकांमागे : पीटर्सबर्ग ते व्होल्गाकाठ

शनिवार

दिल्लीहून मॉस्को, आणि मॉस्कोत एक रात्रही न थांबता सरळ लेनिनग्राद्स्की स्टेशनवरून साप्सान पकडून पीटर्सबर्ग. साप्सान म्हणजे त्यांची फास्ट ट्रेन, चार तासांत पोचवते. ताईला मॉस्को बघायचं होतं पण तिलाच चित्रं जास्त बघायची होती, मुख्य म्हणजे इल्या रेपिन या चित्रकाराचं 'व्होल्गेवरचे बुर्लाक', त्यामुळे मॉस्को बाद. ताई म्हणजे माझी मोठी बहीण, रिटायर्ड ड्रॉइंग टीचर, आणि या ट्रिपचं खापर सगळं तिच्या डोक्यावर.

जाणाऱ्यांसाठी एक सांगून ठेवतो, आपली व्हिसा-मास्टरकार्ड तिकडे २०२२ पासून चालत नाहीत, त्यामुळे कॅश न्यायची आणि बँकेत बदलून घ्यायची. तिकडे जायचा व्हिसा मात्र आता ऑनलाइन मिळतो, तो त्रास संपला.

जूनचा महिना, रात्री साडेदहाला सूर्य बुडतो आणि नंतरही अंधार असा पडतच नाही. ताईने हॉटेलच्या खिडकीला आपली शाल लावली आणि झोपली.

रविवार

आज मेन काम. रशियन म्युझियम म्हणजे जुना मिखाइलोव्स्की पॅलेस, कार्लो रोसीने १८१९ ते १८२५ मध्ये बांधलेला, पिवळा-पांढरा, समोरच्या बागेत पुश्किन हात पसरून उभा. म्युझियम म्हणून लोकांना उघडलं १८९८ ला. आत शिरलं की आधी वरचा मजला, आयकॉन म्हणजे चर्चमधली जुनी धार्मिक चित्रं, मग ब्रुलोव, मग आयवाझोव्स्कीच्या त्या भिंतभर लाटा, आणि इथेच पाय दुखायला लागतात, पण खरा माल खाली आहे. खाली उतरून रेपिनच्या दालनात गेलो आणि समोर 'व्होल्गेवरचे बुर्लाक'.

बुर्लाक म्हणजे दोर छातीला लावून नदीच्या उलट्या प्रवाहात बोटी ओढणारे मजूर. इल्या रेपिनने हे चित्र १८७० ते १८७३ मध्ये केलं, १३१ सेंटिमीटर उंच आणि २८१ रुंद, म्हणजे अगदी राक्षसी वगैरे नाही, पण अकरा माणसं अंगावर चालून येतात.

आमच्या पिढीला हे चित्र माहितीये ते सोव्हिएत मासिकांमुळे. ती गुळगुळीत कागदाची मासिकं, ज्यांची शाळेच्या वह्यांना कव्हरं घातली जायची. त्यात हे छापलेलं असायचं ते तपकिरी, काळपट, आणि खाली शोषण वगैरे मजकूर. त्यामुळे माझ्या डोक्यात हे एक दुःखी, मळकट चित्र होतं. प्रत्यक्षात काय तर ऊन! नुसतं ऊन! पिवळी वाळू, त्यावर जांभळट सावल्या, निळं-पांढरं आकाश, आणि नदी इतकी शांत की यांना एवढा जोर का लावावा लागतोय असं वाटावं. ताई म्हणाली, "अरे हे तर दुपारचं चित्र आहे, छपाईवाल्यांनी संध्याकाळ करून टाकली."

मग आम्ही एकेक माणूस बघत बसलो (तिथे बसायला बाक आहे, देव त्यांचं भलं करो). सगळ्यात पुढे डोक्याला फडकं बांधलेला कानिन, हा खरा माणूस, आधी पाद्री होता, मग ते पद गेलं आणि दोर गळ्यात आला. रेपिनला त्याच्याकडे बघून रोमनांनी गुलाम करून विकलेला ग्रीक तत्त्वज्ञ आठवायचा. त्याच्या बाजूला एक दाढीवाला दांडगा, निझनी नोव्हगोरोद शहरातला पैलवान, तो जवळजवळ हसतोय. दुसऱ्या बाजूला वाकलेला इल्का खलाशी, तो सरळ आपल्याकडे बघतो आणि ती नजर काही बरी नाही, तिथून हललो तरी मागे येते. त्यांच्या मागे एक उंच माणूस पाइप तोंडात धरून, जणू ओढण्याचं काम बाकीच्यांचं. आणि मधोमध लार्का, पोरगा, लालसर शर्टातला, दोर खांद्याला काचतोय म्हणून हाताने सैल करतोय, तो एकटाच मान वर करून उभा. मागे बोट, तिच्या डोलकाठीवर झेंडा उलटा लावलाय. आणि लांब क्षितिजाला एका वाफेच्या बोटीचा धूर. तो धूर मला कुठल्याही छापील चित्रात दिसला नव्हता.

आता याच्या परदेशवाऱ्या. मुळात मी आलो त्याच्यासाठीच, कारण हे चित्र जन्मल्याबरोबर देशाबाहेर गेलं. १८७३ ला व्हिएन्नाला जागतिक प्रदर्शन भरलं होतं, प्राटर बागेत, मे ते ऑक्टोबर, भला मोठा घुमट उभारला होता (तो १९३७ ला जळला). उघडल्यावर आठवड्याभरात तिथला शेअर बाजार कोसळला आणि उन्हाळ्यात कॉलरा आला, तरी सत्तर लाखांवर लोक येऊन गेले. तिथे बुर्लाकांना ब्राँझ मेडल मिळालं. पेख्त नावाच्या जर्मन समीक्षकाने लिहिलं की अख्ख्या प्रदर्शनात इतकं उन्हाने भरलेलं दुसरं चित्र नाही. म्हणजे बघा, ताईने दीडशे वर्षांनी तेच सांगितलं.

आणि त्याच व्हिएन्नाच्या प्रदर्शनात आपल्या राजा रविवर्म्याच्या चित्राचाही गौरव झाला होता, केसांत गजरा माळणारी नायर स्त्री. ज्या माणसाने पुढे घाटकोपरला आणि मग लोणावळ्याजवळ मळवलीला प्रेस काढून आपल्या घराघरांत लक्ष्मी-सरस्वती पोचवल्या तोच. ताईला हे माहिती नव्हतं, तिने मला दोनदा विचारलं नक्की ना, नक्की ना.

चित्र व्हिएन्नाला जायच्या आधी पीटर्सबर्गमध्ये लोकांना दाखवलं होतं, तेव्हा दोस्तोयेव्स्कीने ते बघून लिहिलं. त्याला आधी पेपरात बुर्लाक वाचूनच धास्ती वाटली होती, की आता हे मजूर आपल्याला ओरडून सांगणार, बघा मी किती अभागी आणि तुम्ही माझे किती देणेकरी. आणि बघितल्यावर म्हणाला, तसं काहीच नाही, खरे बुर्लाक आहेत आणि बास. पुढचे दोघे जवळजवळ हसतायत, शिपाईगडी चोरून पाइप भरायच्या विचारात आहे, पोरगं भांडायला निघालंय. त्याच लेखात त्याला दुसरी चिंता, की जर्मन लोकांना आपली रशियन चित्रं कळतील का? म्हणजे बाहेरचे काय म्हणतील हा रोग सगळीकडे सेम आहे.

सरकारला पण तीच चिंता, फक्त उलट्या बाजूने. दळणवळण खात्याच्या मंत्र्याने रेपिनला झापलं, ते रेपिनने आठवणींत लिहून ठेवलंय. मी ही बोटी ओढण्याची जुनाट पद्धत जवळजवळ संपवत आणली, आणि तुम्ही हीच रंगवून व्हिएन्नाला नेताय, आमच्या या गोरिलांना कोणी मूर्ख श्रीमंत विकत घेईल असं वाटतं का तुम्हाला! चित्र घेतलेलं होतं झारच्याच मुलाने, ग्रँड ड्यूक व्लादिमीरने, ३००० रुबलला.

त्यानंतर १८७८ ला पॅरिसचं जागतिक प्रदर्शन, तिथेही हेच. आणि थेट आत्ताचं सांगायचं तर २०२१ ला हेलसिंकीच्या अतेनेउम म्युझियममध्ये आणि तिथून पॅरिसच्या पेती पाले म्युझियममध्ये रेपिनचं मोठं प्रदर्शन झालं, बुर्लाक तिथेही होते. पॅरिसचं प्रदर्शन जानेवारी २०२२ ला संपलं. पुढच्याच महिन्यात युद्ध सुरू झालं आणि असली देवाणघेवाण बंद पडली. रेपिन जन्मला चुगुयेवला, ते आज युक्रेनमध्ये, खारकिवजवळ. बाहेरच्या काही म्युझियमनी आता त्याच्या नावापुढे युक्रेनियन लिहायला सुरुवात केलीये. इथल्या पाटीवर अर्थातच तसं काही नाही. मला विचाराल तर दोन्हीकडच्यांना त्याच्यावर हक्क सांगावासा वाटतो यात नवल नाही, शेजारच्या दालनात त्यानेच रंगवलेले झापोरोझियन कोसॅक, म्हणजे आजच्या युक्रेनमधले जुने लढवय्ये, खदाखदा हसत तुर्की सुलतानाला पत्र लिहितायत ते बघा.

निघता निघता कुइंजीची 'नीपरवरची चांदणी रात्र' (१८८०). ही पण नदी, आणि हिची परदेशवारी मात्र वाईट झाली. १८८० ला हे एकच चित्र अंधाऱ्या हॉलमध्ये दिव्याच्या उजेडात मांडलं होतं, बाहेर रांगा, लोक कॅनव्हासच्या मागे दिवा लपवलाय का ते वाकून बघायचे. ते घेतलं दुसऱ्या ग्रँड ड्यूकने, कॉन्स्तान्तीनने, आणि तो त्याच्या प्रेमात इतका पडला की समुद्रप्रवासाला निघाला तर चित्र जहाजावर सोबत! लेखक तुर्गेनेवने मध्ये पडून पॅरिसच्या झेडेलमायर गॅलरीत थोडे दिवस दाखवायला लावलं, तो म्हणत होता तिथेच राहू दे काही काळ, पण ड्यूक ऐकेना. खारी हवा लागली आणि रंग काळवंडले, रंगही मुळात नाजूक होते, चित्रकार क्रामस्कोयने आधीच शंका काढली होती की हे टिकतील का. आज चंद्राची हिरवट लकेर अजून चमकते, पण आजूबाजूला जे आहे ते नुसतं काळं, काठावरची घरं शोधायला लागतात. ताई चिडली. "शिकलेल्या माणसाला एवढं कळू नये?" मी म्हटलं ताई, ग्रँड ड्यूक होता. "मग तर जास्तच कळायला हवं," म्हणाली.

सोमवार

सकाळी नेवाच्या काठाने चाललो. हर्मिटेजपासून थोडंसं पुढे द्वोर्त्सोवाया घाटावर व्लादिमीरचा पॅलेस आहे, आता त्याला शास्त्रज्ञांचं घर म्हणतात. बुर्लाक क्रांतीपर्यंत त्याच्या घराण्याकडे. लटकवलं होतं बिलियर्डच्या खोलीत. रेपिन लिहितो की ड्यूक त्याच्याकडे तक्रार करायचा, माझी ती भिंत कायम रिकामी, कारण सारखं कोणीतरी युरोपातल्या प्रदर्शनाला चित्र मागून नेतं. आणि चित्र घरी असलं की पाहुण्यांना स्वतः उभं राहून समजावायचा, हा कानिन, हा सैनिक झोतोव, हा पोरगा सगळ्या थोरांपेक्षा हुशार. हे वाचल्यापासून मला त्या ड्यूकबद्दल काय वाटून घ्यावं कळत नाही. बिलियर्ड खेळता खेळता बुर्लाक बघणं हे विचित्रच, पण माणसांची नावं पाठ असलेला मालक तरी किती चित्रांना मिळतो.

दुपारी मेट्रोने रिबात्स्कोये आणि तिथून बस धरून उस्त-इझोरा. टूरिस्ट म्हणून इथे कोणी येत नाही. इझोरा नदी नेवाला मिळते ती जागा, १२४० ची लढाई इथली, ती जिंकणाऱ्या राजा अलेक्सांद्र नेव्स्कीचं चर्च आहे. आमचं काम वेगळं होतं. १८६८ ला रेपिन अकादमीत शिकत होता, मित्र सावित्स्कीबरोबर बोटीने नेवावरून इकडे आला, काठावर बंगले, रंगीत छत्र्या, नटलेल्या मुली, आणि मध्येच चिंध्यांतली घामट माणसं दोर ओढत आडवी आली. तो हादरलाच. घरी जाऊन त्याने जे स्केच केलं त्यात एका बाजूला ह्या मुली आणि दुसऱ्या बाजूला बुर्लाक. ते बघून वासिल्येव नावाचा चित्रकार पोरगा, रेपिनहून सहा वर्षांनी लहान, म्हणाला की हे ठरवून केल्यासारखं वाटतं, चित्र आणखी मोठ्या मनाचं आणि साधं हवं, आणि खरे बुर्लाक बघायचे तर व्होल्गेवर चल. ओळखी लावून पैशांची सोयही त्यानेच केली. म्हणजे छत्र्यावाल्या मुली कापल्या गेल्या ते एका जेमतेम विशीच्या पोराच्या सांगण्यावरून! त्या राहिल्या असत्या तर आमच्या वहीच्या कव्हरावर चित्राखाली छापलेलं ते शोषणाचं वाक्य बरोबर ठरलं असतं. हा वासिल्येव १८७३ ला क्षयाने गेला, तेवीस वर्षांचा.

काठावर आज नवे बंगले आहेत, कुंपणं घातलेली, पाण्यापर्यंत नीट जाताही येत नाही. एक मोठी मालवाहू बोट गेली, लाकडं भरलेली.

मंगळवार

म्युझियम मंगळवारी बंद. पाऊस. एकादशी होती आणि ताईचा उपास, त्यामुळे उकडलेले बटाटे आणि दही, ते इथे कुठेही मिळतं. मी मात्र बोल्शाया कोन्युशेन्नायावर जाऊन पिशकी खाल्ले, पिठीसाखर भुरभुरलेले तळलेले डोनट, सोबत दूध घातलेली गोड कॉफी, आपल्या कँटीनची आठवण यावी अशी. बास, आजचं एवढंच.

बुधवार

फिनल्यांद्स्की स्टेशनवरून लोकल, तासाभरात रेपिनो. पूर्वीचं नाव कुओक्काला. स्टेशनपासून पाइनच्या झाडांतून चालत पेनाती, रेपिनचं घर, समुद्रापासून जवळच. आणि योगायोग म्हणजे रेपिनकडे पाहुण्यांचा वार बुधवारच असायचा.

घर आहे भारी, काचेची टोकदार छपरं, मध्येच मनोरा. मूळचं १९४४ ला युद्धात जळालं, हे परत उभारून १९६२ ला उघडलेलं, पण त्याच्या वस्तू आधीच हलवल्या होत्या त्यामुळे वाचल्या. आत शिरतानाच सूचना, कोट स्वतःचा स्वतः काढा, घंटा वाजवा, कोणाची वाट बघू नका. जेवायचं टेबल गोल, मधला भाग फिरणारा, ज्याने त्याने स्वतः वाढून घ्यायचं, दुसऱ्याला वाढलं किंवा मदत केली तर शिक्षा म्हणून उभं राहून भाषण ठोकायचं. त्याची दुसरी बायको नॉर्दमान कट्टर शाकाहारी, पाहुण्यांना गवताचं सूप पाजायची. ताई एकदम खुश, म्हणाली सगळ्या रशियात हे एकच घर आहे जिथे मला न विचारता जेवता आलं असतं. मी म्हटलं आधी गवताचं सूप पिऊन दाखव.

वरच्या स्टुडिओत त्याची पॅलेट आहे, कमरेला पट्ट्याने बांधायची, कारण उजवा हात कामातून गेला तर तो डाव्या हाताने रंगवायला लागला होता. आणि इथे मला जे लागलं ते वेगळंच. हा सगळा भाग तेव्हा फिनलंडचा, आणि फिनलंड रशियन साम्राज्यात. १९१७ ला फिनलंड स्वतंत्र झाला, १९१८ ला सीमा बंद झाली, म्हणजे रेपिन घरातून पाऊल न हलवता परदेशात जाऊन पडला. त्याचं चित्र पीटर्सबर्गात, तो इकडे. सोव्हिएत सरकारने बोलावणी पाठवली, १९२६ ला चित्रकारांचं शिष्टमंडळ येऊन गेलं, त्यात त्याचा जुना शिष्यही होता, पण तो गेला नाही. १९३० ला इथेच वारला, बागेतल्या टेकाडावर पुरलाय. ज्या लोकांनी पुढे बुर्लाक छापून छापून काळे केले त्यांच्याकडे म्हातारा राहायला गेला नाही ही गोष्ट त्या मासिकांत कधी आली नव्हती.

गुरुवार

विमानाने समारा. ट्रेनचा बेत ताईच्या कमरेने हाणून पाडला. संध्याकाळी व्होल्गा पहिल्यांदा बघितली. रुंद, एवढीच नोंद लिहिली आहे वहीत.

शुक्रवार

समाराच्या नदीबंदरावरून लाँच, दीड-दोन तास वर, शिर्यायेवो. लाँचमध्ये रोपं घेऊन चाललेल्या आज्या, सायकली, बिअर पिणारी पोरं. डाव्या बाजूला झिगुलीचे डोंगर, हिरवे, मधूनच चुनखडीचे पांढरे कडे.

१८७० च्या उन्हाळ्यात रेपिन, त्याचा भाऊ वासिली, वासिल्येव आणि मकारोव असे चौघं आधी सारातोवपर्यंत बोटीने गेले, मग परत वर आले, थोडे दिवस स्ताव्रोपोलला आणि मग बाकी सगळा काळ शिर्यायेवोत. ते स्ताव्रोपोल आता नाही. १९५० च्या दशकात व्होल्गेवर धरण झालं, जुनं गाव पाण्याखाली गेलं, नवं वसवलं त्याचं नाव आता तोल्याती, लाडा गाड्यांचं गाव. ताई म्हणाली आपल्या उजनीतल्या पळसदेवसारखं. हो, फक्त पळसदेवचं देऊळ उन्हाळ्यात वर येतं, स्ताव्रोपोल येत नाही. शिर्यायेवो धरणाच्या खालच्या अंगाला म्हणून वाचलं.

गाव छोटंसं, लाकडी घरं, निळ्या रंगाच्या खिडक्या. चित्रकार राहिले ते घर म्युझियम केलंय, भली मोठी रशियन भट्टी, बाकडी, स्केचेसच्या कॉप्या. अस्सल काही नाही, पण अस्सल जे आहे ते दाराबाहेर आहे. तिथल्या बाईंनी फोनवरच्या भाषांतरातून बरंच सांगितलं. गावातल्या पोरांना बसवून हे लोक चित्रं काढायचे, त्यांना पैसे द्यायचे, तर आयांनी आरडाओरडा केला की हे सैतानाचे लोक, पोरांचे आत्मे विकत घेतायत, आणि यांचे कागद तपासायला लावले. रेपिनच्या आठवणींत पण आहे हे. आणि कानिन भेटल्यावर रेपिन त्याच्या बाजूने कितीतरी वेळ नुसता चालत राहिला, चेहरा बघत, आणि मग दिवसेंदिवस त्याला धास्ती की हा माणूस परत सापडला नाही तर काय.

मग आम्ही काठावर गेलो. वाळू आहे. ऊनही तेच, फक्त नदी आता धरणांमुळे फुगलेली, ओढच नाही पाण्याला, बुर्लाकांना आज निम्मं काम पडलं असतं. पलीकडे त्सारेव कुर्गान, मधोमध एकटीच टेकडी. वरच्या टेकाडावर चढून बघितलं तर चित्रातली आडवी रिकामी जागा एकदम कळते, डोळ्याला धरायला काही नाही, म्हणून माणसं एवढी मोठी दिसतात. हे माझं मत नाही, ताईचं, आणि तिने ते मला वाळूत काठीने रेघ मारून समजावलं.

ताईने स्केचबुक काढलं. दोन पोरं येऊन मागे उभी राहिली. कोणाची आई ओरडली नाही.

शनिवार

समारात उरलेला दिवस. नदीकाठचा रस्ता मस्त आहे, मैलच्या मैल चालायचा, एका टोकाला १८८१ पासूनचा जुना लाल विटांचा बिअरचा कारखाना, अजून चालू. काठावर बुर्लाकांचं ब्राँझचं शिल्प केलंय, लोक त्यांच्यात घुसून फोटो काढतात. एका नवऱ्यामुलाने त्यातला दोर खांद्यावर घेतल्याची पोज दिली आणि सगळं वऱ्हाड खो खो हसलं. मला आवडलं नाही, ताईला आवडलं. ती म्हणाली तो पैलवान पण चित्रात हसतोच आहे की. यावर परत येताना विमानतळापर्यंत वाद.

कोणाला जायचं असेल तर रशियन म्युझियमला गुरुवार सोडून जा, त्या दिवशी दुपारी उघडतं, मंगळवारचं वर सांगितलंच. बुर्लाक एखादवेळी प्रदर्शनाला गेलेले असतात, ते त्यांच्या साइटवर आधी बघून घ्या, त्या ड्यूकची तक्रार अजून चालू आहे. आणि शिर्यायेवोहून परतीची शेवटची लाँच कधी ते जातानाच विचारून ठेवा, गावात राहायची सोय फारशी नाही.